चिंचेखालच्यांची खांड

मी संशयी बाई आहे. कौतुकानं सांगत नाही, आणि लाजून तर मुळीच नाही. धाटावच्या एका कंपनीच्या गेटवर, सुटलेल्या शिफ्टच्या बायकांच्या पिशव्या तपासायचं काम मी एकवीस वर्षं केलं. डब्यात भाताखाली काय दडवलंय, छत्रीच्या घडीत काय गुंडाळलंय, हे बघायचाच मला पगार मिळायचा. बायका चिडवायच्या, "बाई, घरी नवऱ्याचे खिसेपण असेच बघता काय?" मी म्हणायचे, "घरी आधी तेच बघते." नोकरी सुटली, रोह्याच्या घरात निवांत बसले, पण नजर काही निवांत बसली नाही. कुणी उगाच गोड बोललं की मला वाटायचं, पाणी कुठंतरी मुरतंय.

तर त्या दगडाची गोष्ट.

माझं माहेर पेण तालुक्यात खाडीकाठी. दर वर्षी अक्षय तृतीयेच्या अलीकडच्या अमावास्येला आमच्या गावात बांधाचा दिवस असतो. लग्न होऊन रोह्याला गेले तरी मी तो दिवस कधी चुकवला नाही. त्या वर्षी नवऱ्यालाही बरोबर घेतलं होतं. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये एसटी तासभर उकडत उभी राहिली, रामवाडीला उतरलो तेव्हा नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि पुढं मिनीडोर रिक्षात आम्ही दोघं, एक गॅसचा सिलिंडर आणि कुणाच्या तरी दोन कोंबड्या. गावात शिरणारा रस्ता जुन्या बांधावरूनच गेलाय. भेंडीच्या झाडापाशी शेळ्या आडव्या आल्या म्हणून मिनीडोर थांबली आणि मला डाव्या हाताला काळा चकचकीत दगड दिसला. पांढऱ्या रंगात मोठ्ठी अक्षरं: चिंचेखालच्यांची खांड. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की याच ठिकाणी उधाणानं बांध फुटला, ग्रामस्थांनी पाण्यात ओळीनं बसून भगदाड अडवलं आणि गाव राखलं. वर झेंडूचा सुकलेला हार.

चिंचेखालचे म्हणजे आम्ही. आमच्या दारात चिंच आहे, म्हणून घराला ते नाव.

ड्रायव्हर म्हणाला, "बघितलात काय दगड? गावाची शान वाढली बघा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवरा म्हणाला, "अरे वा, तुमचं नाव!" मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढचं सगळं कोंबड्यांशी बोलला.

त्याला काय कळणार? तो डोंगराकडचा, वाल आणि तुरीवाला माणूस. आमच्याकडं एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मध्ये मातीचा बांध. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोनतीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून हा बांध सगळ्या गावाचा, पण राखायचा ज्यानं त्यानं. प्रत्येक घराचा शेताच्या मानानं वाटा ठरलेला. तुमच्या वाट्यात खेकड्यांनी बिळं पाडली तर ती तुम्ही बुजवायची, माती खचली तर तुम्ही चिखल चढवायचा. एका वाट्यापासून दुसरा कळावा म्हणून मध्ये खुणेचा दगड. आणि बांध फुटला, म्हणजे खांड पडली, तर ज्याच्या वाट्यात पडली त्याच्या घराचं नाव त्या खांडीला लागायचं. नाव लागायचं ते कौतुकाचं नव्हे. ह्यांनी वाटा राखला नाही, ह्यांच्यामुळं गावावर पाणी आलं, हे नातवंडांपर्यंत कळावं म्हणून.

एवढ्यावर थांबत नसे. बांधाच्या दिवशी सगळं गाव ओळीत उभं राहून हातोहात चिखलाच्या पाट्या पुढं देतं. पहिली पाटी टाकायचा मान असतो. खांड पडलेल्या घराला तो मान कधीच नाही, त्या घरानं ओळीच्या शेवटी उभं राहायचं. आणि ज्या घरात वाटा राखायला माणूसच उरलं नसेल, त्याचा वाटा पंच काढून घ्यायचे आणि त्यामागचं शेतही दुसऱ्याला द्यायचे. त्या काळी तसंच होतं. आता बांधाला सरकारी दगडी पिचिंग झालंय, शेत कुणी काढून घेत नाही, पण पाटी आणि ओळ राहिलीये.

म्हणजे बघा, माझ्या बापाची बदनामी आता डांबरी रस्त्याच्या कडेला, हार घालून, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावी म्हणून उभी केली होती. आणि बाप गेल्याला सहा वर्षं झाली होती. उठून भांडायला तो नव्हता. मी होते.

ते उधाण मला आठवतं. मी चौथीत होते. अमावास्येचं भर दुपारचं उधाण, मास्तरांनी शाळा सोडली आणि आम्हा पोरींना पेंढ्याचे भारे डोक्यावर देऊन बांधावर पळवलं. तिथं बघते तर बांधाला भगदाड, आणि त्या भगदाडात माणसं बसलेली. खाडीकडं पाठ करून, हातात हात अडकवून, गळ्यापर्यंत पाण्यात. त्यांच्या पाठीवर पाणी अडत होतं आणि पुढून बाकीचे चिखल आणि पेंढा भराभर दाबत होते. मधोमध माझा बाप. त्याच्या शेजारी विहिरीकडची काकी. तिचं घर विहिरीपाशी, तिचा वाटा आमच्या वाट्याला लागून पुढचा. तिचा नवरा त्याच हिवाळ्यात गेला होता, दोन पोरं, धाकटा तर तान्हाच. त्याला आमच्या ओटीवर टाकून ती पाण्यात येऊन बसली होती. तिचे केस सुटले होते आणि तोंडात चिखल गेला होता. मला वाटलं, ही आता मरते.

पाणी ओसरलं. गाव वाचलं. मग पंच म्हणाले, मोजा. खुणेचा दगड खांडीबरोबर वाहून गेला होता, वाटा कुणाचा ते कळेना. बांध मोजायची काठी आमच्याच घरी असायची, आमच्या माळ्याला टांगलेली, आणि मोजायचं काम बापाचं. कुणीतरी ती आणली. उघाडीपासून, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी दारापासून, बापानं मोजायला घेतलं. ओठ निळे पडलेले, दातांवर दात आपटत होते, मध्येच एकेक आकडा दोनदोनदा म्हणत होता. सगळी माणसं थकून चिखलात बसली होती. शेवटी खांडीच्या पलीकडच्या काठावर काठी रोवली आणि म्हणाला, "खांड माझ्या वाट्यात हाय." तिथंच त्यानं नवा खुणेचा दगड पुरला.

कोण वाद घालणार? स्वतःच्या तोंडानं कोण असं सांगतो?

पुढच्या वर्षीपासून बाप ओळीच्या शेवटी. चिखलाला हात घालावा तर त्यानंच, असं म्हणायचे लोक, आणि तो शेवटी रिकाम्या पाट्या गोळा करत उभा. बापाकडचा पहिल्या पाटीचा मान शेजारच्या वाट्याला गेला, म्हणजे विहिरीकडच्यांना. आधी काकी, मग तिचा मोठा मुलगा. शाळेत पोरी मला "खांडीची" म्हणायच्या. एकीची मी वेणी धरून तिला अशी फिरवली की मास्तरांनी मला दोन दिवस उभी केली. रडत घरी आले, तर आई चुलीपाशी बसून काय म्हणावी? "मोजायचं मास्तरांकडून शीक गो. तुझ्या बापाकडून नको शिकूस." आणि हसली. मला आईचा इतका राग आला की मी जेवले नाही.

आणखी एक. दर वर्षी भात झोडून झालं की काकी आमच्याकडं नव्या तांदळाच्या पोह्यांची टोपली घेऊन यायची. वर फडकं. ओटीवर ठेवायची, आईशी एक शब्द नाही, आईही बोलायची नाही, पोहे डब्यात ओतून टोपलीत नारळ घालून परत करायची. मी खांबाआडून बघायचे. आमचा मान खाऊन वर पोहे? ह्या बाईला आमच्याकडून हवंय तरी काय? माझा संशयाचा धंदा तिथूनच सुरू झाला म्हणा ना.

तर आता दगड. घरी पोचल्यावर चपलासुद्धा न काढता मी भावाला विचारलं, "दगड कुणाच्या डोक्यातनं निघाला?"

"कमिटीच्या."

"कमिटीत मुख्य कोण?"

भाऊ पाण्याचा तांब्या माझ्या पुढं करत म्हणाला, "विहिरीकडचा."

घ्या! सापडलं! काकीचा मुलगा. चाळीसपंचेचाळीस वर्षं आमच्या बापाच्या जागी पाटी टाकली, आता तो मान कायमचा पक्का करायला दगड. भाऊ म्हणाला, "बाय, सोड ना. आता कोण बघतंय ते? जागेचं नाव हाय, नाव लिवलं." सरपंच तर शेजारच्या घरातलं पोर, मला आत्या म्हणतं. ते म्हणालं, "आत्या, लोक वर्गणी देऊन दगडावर नाव घालून घेतात. तुमचं फुकट आलं!" मी म्हटलं, "तुझ्या आज्याचं घाल की मग." ते पळालं.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी मी माळ्यावरून काठी काढली. कोळिष्टकं झटकली. भावाला उभं करून सगळ्या वाट्यांची मापं म्हणायला लावली. आमच्यात ती पोरापोराला पाठ असतात, कारण बांधाची वर्गणी अजून त्याच हिशेबानं निघते. उघाडीपासून चौथा वाटा आमचा, अठरा काठ्या. नवऱ्याच्या डोक्याला रुमाल बांधला आणि त्याला घेऊन बांधावर गेले.

"काय मोजायचंय?" तो म्हणाला.

"माझ्या बापाची चूक," मी म्हटलं. कारण मला तेच वाटत होतं. थंडीनं गारठलेला माणूस, चुकला असणार. आणि ज्यांच्या फायद्याची चूक, ते गप्प बसले असणार.

उघाडीपासून मोजलं. तीन वाटे बरोबर आले. आमचा वाटा सुरू होतो तो जुना दगड जागेवर होता. तिथून अठरा काठ्या मोजल्या आणि मी थांबले. बापानं पुरलेला खुणेचा दगड अजून लांब होता. अजून सात काठ्या. आणि तो काळा चकचकीत दगड त्या सात काठ्यांतच उभा होता. परत मोजलं. मग बांधाच्या दुसऱ्या, देवळाकडच्या टोकाकडून उलटं मोजलं, तेव्हा नवरा म्हणाला, मला उन्हानं भोवळ येते. तेवढंच आलं. खांड आमच्या वाट्यात नव्हतीच. ती विहिरीकडच्यांच्या वाट्यात होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की मी रस्त्यात हसले. गेटवर एकदा एका बाईच्या डब्यात पोळ्यांखाली कंपनीच्या नळांचे पितळी कॉक सापडले होते, तेव्हासुद्धा एवढं बरं वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, देवळात बैठक होती, दुसऱ्या दिवशीची पाटी आणि ओळ ठरवायला. गाव जमलं होतं. काकीचा मुलगा पुढं बसला होता, डोक्याला टोपी, हातात यादी. काकीलाही आणून खांबाला टेकवून बसवली होती. ऐंशीच्या पुढची, वाळून काटकी झालेली, पण डोळे लख्ख. मी उभी राहिले, काठी जमिनीवर आपटली आणि बोलले. सगळं बोलले. अठरा काठ्या, सात काठ्या, दोन्हीकडून मोजलेलं, साक्षीदार माझा नवरा. "माझा बाप थंडीनं चुकला," मी म्हटलं, "पण ज्यांचा वाटा होता त्यांना ठाव असणार. त्यांनी त्याला जन्मभर शेवटी उभा केला. आणि आता त्याच्या नावाचा दगड लावला!"

काकीचा मुलगा उठला. "काय बोलतेस बाय? आय, ही काय बोलते?"

काकी माझ्याकडंच बघत होती. रागानं नाही. गेटवर पकडल्या गेलेल्या बायका बघायच्या तसंही नाही. मला ते बघणं कळेना.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्याच वाट्यात फुटला."

गलका झाला. तिनं हात वर केला आणि माणसं गप्प झाली.

"त्या साली मी बिळं बुजवली नव्हती. कोण बुजवणार? घरातला माणूस गेलेला, हा पाच वर्षांचा, धाकटा अंगावर पीत होता. तुझा बाप मोजत होता, मी बाजूलाच उभी. मनात धरलं होतं, आता शेत गेलं, आता पोरं घेऊन कुठं जाऊ. तर तो आकडे दोनदोनदा बोलाया लागला, काठी पुढं जायची, आकडा तोच. लोकांना वाटलं, थंडीनं जीभ अडकते. मला पण तसंच वाटलं. मग दगड पुरला, माझ्या अंगावरून गेला, आणि जाता जाता हळूच म्हणाला, 'वयनी, पोरं लहान हायत. गप रहा.'"

मी काठी खाली ठेवली.

"एवढंच मागितलं त्यानं माझ्याकडं," काकी म्हणाली. "सात काठ्या वर्षानुवर्षं त्यानं राखल्या, माझ्या वाटच्या. शेवटी उभा राह्यला. मी गप राह्यले. तुझी आय गेली, तो गेला, तरी मी गप राह्यले. माझ्या पोराला पण नाय सांगितलं. तू कशाला बोललीस गो?"

सगळ्या जगाच्या पिशव्या तपासल्या मी, आणि माझ्या बापानं एकच गोष्ट लपवून ठेवली होती, ती भर देवळात काढून लोकांपुढं ठेवली. ते पोहे, ते आईचं हसणं, सगळं माझ्या नाकासमोर होतं. मी त्यात वाईटच शोधत बसले होते. तिथंच खाली बसले आणि रडले, लाजलज्जा सोडून.

काकीचा मुलगा यादी तिथंच टाकून निघून गेला. ते सरपंच पोर हळूच म्हणालं, "आत्या, मग दगडावरचं नाव बदलायचं काय?" मी म्हटलं, "हात लावशील तर बघ." त्यानं परत विचारलं नाही, आणि दगड आजही तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला गाव बांधावर जमलं. सगळ्यांच्या नजरा माझ्या भावावर. पंचांनी पहिली पाटी त्याच्या हातात दिली. त्या उधाणानंतर पहिल्यांदा चिंचेखालच्यांची पाटी पुढं पडली. टाळ्या वाजल्या. इतकी वर्षं मी ह्याच क्षणाची वाट बघत होते, आणि मला तिकडं बघवेना.

मी ओळीकडं बघितलं. ती भेंडीच्या झाडापर्यंत गेली होती. अगदी शेवटी, रिकाम्या पाट्या पडतात तिथं, काकीचा मुलगा उभा होता. टोपी काढलेली. त्याला कुणी तिथं जा म्हटलं नव्हतं. पन्नाशीला आलेला माणूस, पण माझा बाप उभा राहायचा तसाच उभा, खाली मान घालून.

मी पदर खोचला आणि ओळीच्या कडेनं चालत मागं गेले. माणसं बाजूला होत होती. त्याच्याजवळ पोचले तशी त्यानं मान वर केली.

"बाय, तुझी जागा पुढं हाय."

"माझ्या बापाची जागा इथं होती," मी म्हटलं, आणि त्याच्याही मागं जाऊन उभी राहिले.

पहिली रिकामी पाटी आली, ती त्यानं माझ्या हातात दिली, मी खाली ठेवली.